नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पाणपक्ष्यांचे अभयारण्य. गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यात ते वसले आहे. पावसाळ्यात ‘नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग’ अशी बातमी दरवर्षी वाचायला मिळते, तोच हा बंधारा. येथील मध्यमेश्वर महादेवाच्या देवस्थानावरून त्याला नाव मिळाले.

हे अभयारण्य पक्ष्यांसाठी बांधलेले नाही. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात धो धो पडणारा पाऊस निफाडपर्यंत येता येता ओसरतो आणि त्यापुढचा मुलूख तर पर्जन्यछायेतलाच. त्या अवर्षणप्रवण भागाला कालव्यांनी पाणी द्यावे म्हणून ब्रिटिश राजवटीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा घालण्यात आला. वरच्या अंगाला गंगापूर, दारणा या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडते आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. नदी येथे थबकते, म्हणून गाळही येथेच बसतो. वर्षानुवर्षांच्या गाळाने पात्रात उंचवटे, बेटे आणि उथळ डबकी तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे घटलेला साठा. पक्ष्यांना मात्र त्या गाळानेच घर दिले. खोल, स्वच्छ जलाशयात एवढे पक्षी कधीच आले नसते.

१९८६ मध्ये सुमारे १०० चौ. किमी. क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जून २०१९ च्या तारखेने त्यातील १,४३७ हेक्टर पाणथळ क्षेत्राचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला आणि जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतरची. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ ही त्याची ओळख केवळ कौतुकाची नाही, कारण राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पक्षी उद्यानही माणसाने घातलेल्या बांधामुळेच घडलेले पाणथळ आहे.

येथील अधिवासाचे मर्म पाण्याच्या खोलीत आहे. काठच्या चिखलात तुतारी आणि शेकाट्या किडे टिपतात. गुडघाभर पाण्यात चमचा पक्षी अर्धवट उघडी चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि मासा किंवा झिंगा चोचीला लागताच ती मिटतो. थापट्या बदक पसरट चोचीने पृष्ठभागावरचे पाणी गाळून खाते. वारकरी आणखी आत जाऊन बुडी मारतात. पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी वावरते, तरंगत्या पानांवर लांब बोटे पसरून कमळपक्षी चालतो. काठच्या बाभळींवर बगळे, पाणकावळे आणि शराटी रात्रीच्या मुक्कामाला येतात. हिवाळ्यात तलवार बदक, गढवाल, चक्रवाक असे उत्तरेकडचे पाहुणे उतरतात, त्यांच्या मागावर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो. रोहित (फ्लेमिंगो) आणि क्रौंचही दिसतात.

पक्ष्यांपलीकडचे जीवनही दुर्लक्षिण्याजोगे नाही. रामसर नोंदीत येथील ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे; त्यांत देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा अतिसंकटग्रस्त छोटा मासा आहे, तशीच दोन जातींची गिधाडेही. आजूबाजूच्या उसात बिबट्या राहतो, आणि त्याच रानात माणसांची रोजची शेतीची कामे चालतात. अभयारण्याला कुंपण नाही. द्राक्षबागा, कांदा, ऊस पाण्याच्या काठापर्यंत येऊन भिडले आहेत. चापडगाव परिसरात वनविभागाचे निरीक्षण मनोरे असून स्थानिक तरुण वाटाड्याचे काम करतात. पक्षी ओळखण्यात त्यांचा हात धरणारे कमीच.

अडचणी याच रचनेतून उगवतात. कालव्यांचे आवर्तन, म्हणजे पाळीने पाणी सोडणे, सुरू झाले की पातळी बदलते. पाणी फार चढले तर उथळ जागा बुडतात, फार उतरले तर चिखल तडकतो. हिवाळ्यात ही पातळी सांभाळणे पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, पण पाण्याचे वेळापत्रक मुख्यतः सिंचन आणि पिण्याच्या गरजेवर ठरते. दुसरी डोकेदुखी पाणवेलींची, म्हणजे जलपर्णीची. शहरी सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते त्यांना पोसतात. वेलींचा गालिचा पसरला की खालच्या पाण्यात उजेड पोहोचत नाही, पाणवनस्पती मरतात आणि बदकांना उतरायला मोकळे पाणी उरत नाही. येथे वेली काढत राहावेच लागते, पण वरून येणारे सांडपाणी थांबल्याशिवाय त्या पुन्हा पुन्हा येत राहणार.