गुंजेच्या खालचं वजन

नाशिकच्या सराफ बाजारात आज तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरायचे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. एक गुंज भरते साधारण १२१ मिलिग्रॅम. सोन्यासारख्या जिनसेचा व्यवहारही पिढ्यान्‌पिढ्या या लाल-काळ्या बीवर निभावला. तिच्याखाली काही मोजायची वेळ क्वचितच यायची.

आता निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदाराचा वर्षाचा हिशेब ज्या वजनावर ठरतो, ते गुंजेच्या बारा हजाराव्या भागाइतकं आहे. युरोपात निर्यात होणाऱ्या द्राक्षांत फवारणीच्या ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याच्या अवशेषाला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचीच मुभा. हे झाले १० मायक्रोग्रॅम. एका कंटेनरमध्ये १२ टन माल धरला, तर अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून त्या औषधाचे १२० मिलिग्रॅम चालतात. म्हणजे एक गुंज, तीही पुरती नाही.

एवढं लहान एकक आलं कुठून, हे पाहायला फ्रान्सपर्यंत मागे जावं लागतं. १७९५ च्या कायद्याने बर्फ वितळतो त्या तापमानाच्या एक घन सेंटिमीटर पाण्याचं वजन म्हणजे ग्रॅम, असं ठरलं. त्या पद्धतीत लहान एककांची गाडी मिलिग्रॅमपाशी थांबली. दशलक्षाव्या भागासाठी ‘मायक्रो’ हा उपसर्ग १८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या समितीने सुचवला आणि तो सगळ्या जगासाठी पक्का झाला १९६० मध्ये, एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीसोबत. मधल्या काळात जीवरसायनवाले मायक्रोग्रॅमला सरळ ‘गॅमा’ म्हणत. एककाची गरज आधी प्रयोगशाळेत पडली होती, नियम मागून आले. ऑस्ट्रियातल्या ग्रात्सच्या फ्रिट्झ प्रेगल यांनी मायक्रोग्रॅमपर्यंत हलणारा तराजू वापरून काही मिलिग्रॅम पदार्थावरून त्याची रासायनिक घडण काढून दाखवली. १९२३ चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

आपल्याकडे त्या वेळी शेर-छटाक चालू होते. १९५६ च्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि पुढच्या काही वर्षांत सक्तीचे झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत देशाचा प्रमाण किलोग्रॅम आहे, ५७ क्रमांकाचा. तो ज्याची प्रत, तो मूळ किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्हरचा प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा. गंमत अशी, की हा ठोकळा आणि त्याच्या प्रतींच्या वजनात शंभर वर्षांत ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडला. सगळ्या जगाचं वजन ज्याच्यावर टेकलेलं, तोच मायक्रोग्रॅमच्या भाषेत डळमळत होता. शेवटी २० मे २०१९ पासून ठोकळ्याला निवृत्ती देऊन किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर बांधली गेली.

द्राक्षाच्या गोष्टीला महत्त्वाचं वळण दिलं ते ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांच्या १९५७ च्या इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरने. मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीला हे यंत्र जोडलं आणि क्लोरीन असलेली कीटकनाशकं अब्जात काही भाग इतक्या पातळीवर सापडू लागली. जे आधी ‘नाही’ होतं ते ‘आहे’ झालं. कायद्यातल्या मर्यादा यंत्राच्या नजरेमागून खाली उतरत गेल्या, असं मला तरी दिसतं. युरोपातली ०.०१ ची सरसकट मर्यादाही बहुतेक औषधांसाठी प्रयोगशाळेला खात्रीने मोजता येईल अशाच आकड्यावर बेतलेली आहे. तेवढ्याने विषबाधा होते असा तिचा अर्थ नाही. बागाईतदारांना हे कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून ‘पॉइंट झिरो वन’ हा आकडा नुसता धाक वाटत राहतो.

२००३ मध्ये नेदरलँड्सला गेलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडले. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या कृषिमाल निर्यात संस्थेने अवशेष तपासणीची पद्धत बसवली. पुण्याचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिचं संदर्भ केंद्र झालं, आणि २००६ पासून ग्रेपनेट या निर्यातीसाठीच्या ऑनलाइन व्यवस्थेवर बागेची नोंदणी सुरू झाली. तरी २०१० चा फटका बसलाच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घड निर्मिती व्हावी म्हणून फवारलं जाणारं क्लोरमेक्वाट, म्हणजे शेतकऱ्यांचं ‘सीसीसी’, युरोपात किलोला ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर निघालं आणि कंटेनर अडकले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. चूक मोजण्यात झाली नव्हती, काय मोजायचं हे ठरवण्यात झाली होती.

खरं तर हे प्रमाण बागाईतदाराच्या हातातलंच आहे, फक्त दुसऱ्या टोकाने. एक ग्रॅम जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड हे वाढीचं संजीवक, स्पिरिटमध्ये विरघळवून शंभर लिटर पाण्यात टाकलं की १० पीपीएम, हे त्याला झोपेतही सांगता येतं. पीपीएम म्हणजेच किलोला मिलिग्रॅम. ०.०१ पीपीएम करायचं तर तेच एक ग्रॅम एक लाख लिटरमध्ये जायला हवं, मोठ्या शेततळ्याच्या एका कोपऱ्याएवढ्या पाण्यात. प्रयोगशाळेत सगळा नमुना मिक्सरमधून काढतात आणि त्यातला १० ग्रॅम लगदा घेतात. मर्यादेवरच्या द्राक्षाच्या त्या लगद्यात औषध असतं मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. त्याला तराजू उपयोगाचा नाही. रेणू वेगळे करून त्यांचे तुकडे मोजणारं यंत्र लागतं.

बाकी घरोघर हे एकक येतं ते गोळीच्या पाकिटावर. थायरॉइडच्या गोळ्या २५, ५०, १०० मायक्रोग्रॅमच्या. पाकिटावर ‘एमसीजी’ छापतात. हाताने लिहिलेलं ‘म्यू’ घाईत ‘एम’ वाचलं गेलं तर डोस थेट हजारपट, म्हणून ही अक्षरं. आठवड्याला घ्यायची ‘साठ हजार’ची ड जीवनसत्त्वाची पुडी ऐकायला अवाढव्य, पण आत जीवनसत्त्व दीड मिलिग्रॅमच असतं. हवेचंही तसंच. नाशिक हे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातलं शहर, त्यामुळे पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचे आकडे रोज बातमीत. दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. मोजणीयंत्र दिवसभरात २४ घनमीटर हवा ओढत असेल, तर मर्यादेवरच्या हवेत फिल्टरचं वजन दीड मिलिग्रॅमही वाढत नाही. फिल्टर आधी आणि नंतर तोलून एवढा फरक पकडायचा, तर तराजूच्या खोलीतला दमटपणाही बांधून ठेवावा लागतो.

आता हंगामात पिंपळगाव-ओझरकडे रिपोर्ट हाती आला, की नजर ‘बीएलक्यू’ या तीन अक्षरांवर जाते. याचा अर्थ औषध शून्य आहे असा नाही. यंत्राला खात्रीने मोजता येतं त्याच्या खाली आहे, एवढाच. आणि युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्यांना तर सरकारी मर्यादाही पुरत नाही. त्यांना तिच्या एक-तृतीयांशाच्या आत माल लागतो, शिवाय एका नमुन्यात किती औषधं सापडली त्यावरही त्यांची वेगळी अट असते.