डबेवाल्यांच्या 'सिक्स सिग्मा'मागचा हिशेब

मुंबईच्या डबेवाल्यांना 'सिक्स सिग्मा प्रमाणपत्र' मिळाले आहे, हे वाक्य गेली वीसेक वर्षे व्यवस्थापनाच्या वर्गांत, सत्कार समारंभांत आणि व्हॉट्सॲपवर सारख्याच खात्रीने ऐकू येते. सिक्स सिग्मा म्हणजे कामातल्या चुका जवळपास शून्यावर आणण्याची एक गुणवत्ता-पद्धत. असे प्रमाणपत्र कुणी दिलेले नाही. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या इतिहासात ही बाब तशी किरकोळ. पण पद्धत, आकडा आणि प्रमाणपत्र या तीन वेगळ्या गोष्टी आपल्याकडे कशा एकमेकींत मिसळल्या, ते तिच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत गुणवत्ता म्हणजे तपासणी, आणि तपासणीनंतर दंड. फोल्डिंग खात्यात कापडात दोष निघाला की विणकराच्या पगारातून पैसे कापले जात. कित्येक गिरण्यांत तर बिघडलेले कापड त्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत वसूल करत. सूत कच्चे होते, हवा कोरडी होती की साचा, म्हणजे माग, जुना, हे विचारायची गरज कुणाला वाटत नसे. 1936च्या वेतन कायद्याने दंडाला मर्यादा घातली. ती आली कामगार कायद्याच्या वाटेने, कारखानदारीच्या शहाणपणातून नव्हे.

ते दुसरे शहाणपण तोवर शिकागोजवळ कारखाना असलेल्या एका टेलिफोन साहित्य कंपनीत कागदावर उतरले होते. 1924च्या मे महिन्यात तिथल्या एका अभियंत्याने वरिष्ठांना जेमतेम पानभर टिपण पाठवले. त्यात नियंत्रण-तक्त्याची पहिली आकृती होती. मुद्दा असा, की कोणत्याही कामात थोडा चढउतार असणारच. सरासरीच्या वरखाली तीन-तीन सिग्मांच्या रेषा आखायच्या, सिग्मा म्हणजे त्या चढउताराचे माप. बिंदू रेषांच्या आत असतील तर तो चढउतार व्यवस्थेचाच, त्यासाठी कामगाराला धारेवर धरून काही होणार नाही. बिंदू बाहेर गेला तर मात्र नेमके कारण शोधायचे. गिरणीतल्या दंडाची सगळी मांडणीच यातून उलटी होते.

पुढची जपानी कथा बहुतेकांना पाठ आहे. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांची 1950ची व्याख्याने, 1951पासूनचा त्यांच्या नावाचा पुरस्कार, 1962पासूनची कामगारांची गुणवत्ता मंडळे, ती इथे पुन्हा नको. कमी सांगितली जाते ती आपली बाजू. नियंत्रण-तक्त्याचा तो जनक स्वातंत्र्याच्या सुमारास काही महिने भारतात येऊन राहिला होता. पन्नाशीच्या दशकात मुंबईसह मोठ्या औद्योगिक शहरांत संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे निघाली, आणि 1954 साली शहरात कापड उद्योगाची संशोधन संस्थाही उभी राहिली. म्हणजे जपानमध्ये जे चालले होते ते इथे कानावर आले नव्हते असे नाही. पण बंद बाजारपेठेत माल कसाही खपत होता. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबणाऱ्या ग्राहकासाठी चढउतार कमी करण्याची घाई कोण करणार?

1952च्या कायद्याने आलेल्या आयएसआय चिन्हाने मात्र घराघरांत जागा मिळवली. हे चिन्ह वस्तूवर असते. इस्त्री, गॅसची शेगडी ठरलेल्या मानकाला उतरली आहे, एवढेच ते सांगते. 1987 साली आलेली आयएसओ 9000 ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका वेगळी. तिची मुळे अमेरिकी लष्कराच्या 1959च्या पुरवठा-नियमांत आणि 1979च्या एका ब्रिटिश मानकात आहेत. ती वस्तूबद्दल काही बोलत नाही. वस्तू बनवणारी व्यवस्था लिहून ठेवली आहे का आणि लिहिल्याप्रमाणे चालते का, एवढेच पाहते. सिमेंटच्या लाइफ जॅकेटचा जुना विनोद यावरच आहे: प्रत्येक जॅकेट आधीच्या जॅकेटसारखेच बुडत असेल आणि त्याची नोंद असेल, तर लेखापरीक्षकाला हरकत घ्यायला फारशी जागा उरत नाही. विनोद थोडा अन्यायाचा आहे, कारण ग्राहकाची गरज समजून घेण्याची अट मानकात आहे. पण नव्वदच्या दशकातल्या अंमलबजावणीला तो चपखल बसतो.

1991नंतर निर्यातदारांना युरोपातले गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागू लागले. वागळे इस्टेट, अंधेरी एमआयडीसी, ठाणे-बेलापूर पट्टा इथल्या गेटांवर 'आयएसओ 9002 कंपनी' अशा पाट्या चढल्या. 9002 हा आकडा म्हणजे रचनेचे, अर्थात डिझाइनचे, काम न करणाऱ्या कारखान्यांसाठीचा भाग होता. पाटी वाचणाऱ्याला तो 9001पेक्षा एकाने मोठाच वाटायचा. 2000च्या सुधारणेत 9001, 9002 आणि 9003 हे तिन्ही भाग एकाच 9001मध्ये आले आणि भर कागदांकडून प्रक्रियेकडे गेला. 2015च्या आवृत्तीने गुणवत्ता पुस्तिकेची सक्तीही काढली. तोवर सवय लागून गेली होती. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात फायली भरायच्या, रजिस्टरांवर मागच्या तारखांच्या सह्या करायच्या, भिंतीवर गुणवत्ता धोरणाची चौकट टांगायची. पुढे पतपेढ्या, क्लासेस, पोलीस ठाणी आणि अंगणवाड्याही 'आयएसओ' झाल्या. मानक लिहिणारी जिनिव्हाची संस्था स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही, ते काम वेगळ्या प्रमाणन संस्थांचे आहे, हे यातल्या कितीजणांना ठाऊक होते हा प्रश्नच आहे.

सिक्स सिग्माची गोष्ट याहून गुंतागुंतीची. रेडिओ आणि पेजर बनवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने 1986-87च्या सुमारास ही मोहीम सुरू केली. विचार 1924चाच, फक्त निकष कडक. ग्राहकाने घालून दिलेली मर्यादा प्रक्रियेच्या सरासरीपासून सहा सिग्मा दूर असावी, म्हणजे दोष जवळपास होणारच नाहीत. शुद्ध गणिताने हे प्रमाण 100 कोटींत सुमारे दोन दोष इतके पडते. पण सगळीकडे छापला जातो तो आकडा 10 लाखांत 3.4. दोन आकड्यांत हजारपटीहून जास्त फरक आहे. तो येतो एका गृहीतकातून: प्रक्रिया दीर्घ काळात दीड सिग्माने सरकते, असे कंपनीने धरून चालायचे ठरवले. दीडच का? अनुभवावरून, असे उत्तर मिळाले. रासायनिक कारखान्याची, बँकेच्या काउंटरची आणि सर्किट बोर्डाची प्रक्रिया नेमकी तेवढीच सरकावी, याला संख्याशास्त्रात आधार नाही, ही टीका तेव्हापासून आजवर चालू आहे. सहातून दीड वजा केले, की 'सिक्स सिग्मा' म्हणून जगभर मिरवला जाणारा आकडा प्रत्यक्षात साडेचार सिग्माचा आहे.

आकड्याभोवती मग पद्धत उभी राहिली. व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण हे पाच टप्पे, आणि कराटेसारखे पट्टे. 1995नंतर एका बड्या अमेरिकी उद्योगसमूहाने ती उचलली आणि तिथून ती बँका, कॉल सेंटरे, बॅक ऑफिसे अशी मुंबईत पसरली. पट्टा माणसाला मिळतो, त्याची परीक्षा असते. संस्थेला 'सिक्स सिग्मा' ठरवणारी कोणतीही सर्वमान्य यंत्रणा तेव्हा नव्हती, आजही नाही.

आता डबेवाले. 1998 साली एका अमेरिकी उद्योग नियतकालिकाने त्यांच्यावर लेख छापला. लेखकाने पुढे स्वतःच खुलासा केला आहे. चुका किती होतात, असे त्याने संघटनेच्या प्रमुखांना विचारले. जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांत एखादी, असे उत्तर आले. त्याने गुणाकार केला: रोजचे पावणेदोन लाख डबे, दोन महिन्यांचे कामाचे दिवस, म्हणजे साधारण 80 लाखांत एक चूक. रिकामे डबे परतही जातात, म्हणून दुप्पट करून 1 कोटी 60 लाखांत एक. लेखात सिग्मा हा शब्दसुद्धा नव्हता. चार वर्षांनी एका परिषदेत एका वार्ताहराने प्रमुखांना विचारले, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हते. चुकांच्या प्रमाणाशी त्याचा संबंध आहे हे कळल्यावर, मग आम्ही आहोतच, त्या नियतकालिकाला विचारा, असे ते म्हणाल्याचे सांगतात. बातमी आली ती नियतकालिकाने प्रमाणपत्र दिल्याची. पुढच्यांनी मूळ लेख उघडून पाहिला नाही.

तो आकडा खराच धरला तरी गंमत उरते. दीड सिग्मा सरकवण्याच्या सैल हिशेबात रोज दोन लाख डब्यांमागे दर तीन दिवसांनी दोन डबे चुकले तरी चालतात. डबेवाल्यांचा दावा त्यापेक्षा कितीतरी चांगला. पण 100 कोटींत दोन हा कडक हिशेब लावला, तर 1 कोटी 60 लाखांत एक ही चूक सुमारे 30 पट जास्त ठरते आणि गाडी साडेपाच सिग्माच्या अलीकडेच थांबते. शिवाय चूक कशाला म्हणायचे? डबा दुसऱ्याच्या टेबलावर गेला तर चूक, हे उघड. वीस मिनिटे उशिरा आला, आमटी सांडली, पावसात लोकल बंद पडली, ते कोणत्या रकान्यात? एक तोंडी उत्तर आणि एक गुणाकार एवढ्यावर सगळा डोलारा आहे. सिक्स सिग्माच्या पाच टप्प्यांत दुसराच टप्पा मोजमापाचा, आणि नेमके तेच इथे झालेले नाही. गंमत म्हणजे आयएसओ 9001:2000चे प्रमाणपत्र डबेवाल्यांना मिळाल्याची नोंद आहे. त्याचे नाव फारसे कुणी घेत नाही.

यात नुकसान झाले ते डबेवाल्यांच्या खऱ्या कामाचे. 1890च्या आसपास सुरू झालेल्या या व्यवस्थेत चूक पकडण्यापेक्षा ती होऊच न देण्यावर भर आहे. झाकणावर रंग आणि मोजकी अक्षरे: कुठून उचलला, कोणत्या स्टेशनात उतरायचा, कोणती इमारत, कितवा मजला. वाचता येणे कमी असले तरी अडत नाही. रोज तोच माणूस त्याच घरी जातो. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची ओळखीची मंडळी, मुकादमाच्या हाताखाली गट आणि त्याचा हिशेब गटापुरता. एखादा आजारी पडला तर उचलायला थोडे जादा हात. स्टेशनात डबे चढवायला सेकंदांचाच अवधी, म्हणजे वेळेची शिस्त लोकलच लावते. जपानी कारखान्यांत ज्याला प्रमाणित काम आणि चूकरोधक रचना म्हणतात, ती इथे ग्रीन बेल्टशिवाय होती. त्याची नोंद काही अमेरिकी अभ्यासकांनी घेतली, आपल्याकडच्या भाषणांत मात्र सिग्माच राहिला.

मार्च 2020मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, कचेऱ्या घरी गेल्या आणि अनेक डबेवाले गावाकडे परतले. गाड्या सुरू झाल्यावरही आठवड्यातून दोन-तीन दिवसच कचेरीत येणारे गिऱ्हाईक पूर्वीसारखे परतले नाही आणि डबेवाल्यांची संख्या बरीच घटली. तरी नव्या लेखांत पाच हजार डबेवाले, दोन लाख डबे आणि 1 कोटी 60 लाखांत एक चूक हे तिन्ही आकडे अजून जसेच्या तसे छापले जातात.