गुडघ्याच्या दुखापती, वाढत्या वयातील फुटबॉलपटूंच्या

हाडांची वाढ पूर्ण होण्यापूर्वी फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींच्या गुडघ्यास होणाऱ्या दुखापती. प्रौढ खेळाडूचा गुडघा दुखावतो तेव्हा बहुधा अस्थिबंध (दोन हाडांना जोडणारा पट्टा) किंवा चकती (सांध्यातील कूर्चेची गादी) फाटते. वाढत्या वयात मात्र कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) जेथे हाडाला चिकटते तेथील कूर्चा (मऊ, लवचिक ऊती) अधिक नाजूक असते व आधी तीच दुखावते. मांडीच्या हाडाच्या लांबीतील सु. ७० टक्के वाढ गुडघ्यालगतच्या वृद्धिपट्टीत (हाडाच्या टोकाजवळील वाढत्या कूर्चेच्या थरात) होते. नडगीच्या हाडाचीही निम्म्याहून अधिक वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते.

उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत सरासरी १२ व मुलांत १४ वर्षांच्या आसपास येतो. पण व्यक्तिगणिक फरक मोठा असल्याने १४ वर्षांखालील एकाच संघात मिसरूड फुटलेला मुलगा आणि अजून उंचीही न वाढलेला मुलगा शेजारी खेळताना दिसतात. बैठी उंची, पायांची लांबी व वजन यांवरून हा टप्पा अजमावण्याचे सूत्र संशोधक मिरवाल्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडले. लवकर किंवा उशिरा वयात येणाऱ्यांच्या बाबतीत ते चुकते, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नये. फीफा १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी करते.  ही तपासणी वयचोरी रोखण्यासाठी आहे. गुडघ्याच्या जोखमीशी तिचा थेट संबंध नाही.

वाढीच्या आधीच्या टप्प्यात, साधारणतः १० ते १३ वर्षे वयात, गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाशी दुखणे आढळते. नॉर्वेतील सिंडिंग-लार्सन (१९२१) व स्वीडनमधील योहान्सन (१९२२) यांच्या नावे ते ओळखले जाते. प्रौढात ज्या आघाताने पुढचा क्रूसीय अस्थिबंध (गुडघ्याच्या आत मांडी व नडगीची हाडे जोडणारा, एसीएल) फाटेल, त्याच आघाताने ८ ते १४ वर्षांच्या मुलात अस्थिबंधाच्या मुळाशी असलेला नडगीच्या हाडाचा उंचवटा उचकटू शकतो. या दुखापतीचे आजही वापरात असलेले वर्गीकरण मायर्स व मॅकीव्हर यांनी १९५९ मध्ये केले.

सर्वांत परिचित विकार ऑसगुड-श्लॅटर हा होय. वाटीखाली दोन-तीन बोटांवर, नडगीच्या हाडाच्या ज्या पुढच्या उंचवट्याला वाटीखालची कंडरा चिकटते तेथे, टेंगूळ येते. तेथे दाबले की मूल कळवळते, गुडघे टेकून बसणे नकोसे होते आणि अवरोधाविरुद्ध पाय सरळ करताना नेमकी तीच जागा दुखते. बोस्टनचे ऑसगुड व झुरिकचे श्लॅटर यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. इंग्लंडमध्ये पेजट यांनी १८९१ मध्येच अशा रुग्णांची नोंद केली होती. मात्र क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, त्यामुळे हाडातील बदल दाखवण्याचे श्रेय पुढच्या दोघांकडे गेले. श्लॅटर यांनी या भागाला ‘चोचीसारखा’ प्रवर्ध (पुढे आलेला भाग) म्हटले व दुखापतीवर भर दिला. पुढे काही काळ हा हाडाच्या रक्तपुरवठ्याचा विकार मानला गेला. ऑग्डेन व साउथविक (१९७६) यांनी या उंचवट्याच्या अस्थिभवन केंद्राचा (कूर्चेचे हाड बनते त्या जागेचा) पुढचा तुकडा ओढला जातो असे दाखवले, तर रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी (१९९२) कंडरेचा दाह हेच मुख्य कारण मानले. वारंवार पडणारा ताण हे मूळ आणि कंडरेचा दाह ही त्याची जोड, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हाड लांबते व स्नायू मागे राहतात म्हणून हा ताण पडतो, ही लोकप्रिय उपपत्ती मात्र तितकी पक्की नाही: १९९९ च्या एका कॅनडीय अभ्यासात वाढीचा वेग व लवचिकता यांत संबंध आढळला नाही. जपानी अभ्यासांत किक मारणाऱ्या पायापेक्षा आधाराच्या पायाकडे अधिक लक्ष वेधले आहे.

खेळाचा भार कमी करणे व मांडीचे स्नायू ताणणे-बळकट करणे हा नेहमीचा उपचार. संपूर्ण विश्रांती क्वचितच लागते. वाढ थांबल्यावर बहुतेकांचे दुखणे जाते, टेंगूळ मात्र राहू शकते. तेथे सुटा राहिलेला हाडाचा कण सतत दुखत असल्यास तो शस्त्रक्रियेने काढतात.

वृद्धिपट्टी बंद होत आलेल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांत उडी मारताना वाटीखालचा हाच उंचवटा एकदम तुटू शकतो. ही वेगळी व तातडीची दुखापत आहे. वयात आल्यानंतर मुलींत पुढचा क्रूसीय अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक सांगितले जाते; श्रोणीची (कंबरेच्या हाडांच्या पिंजऱ्याची) रुंदी, संप्रेरके व उडीनंतर पाय टेकताना गुडघा आत वळणे ही कारणे पुढे केली जातात. यांपैकी सरावाने बदलता येणारे शेवटचेच. फीफाचा ‘११+’ हा सरावपूर्व व्यायामक्रम त्याच धर्तीवर रचला आहे. वृद्धिपट्टी उघडी असताना अस्थिबंधाची पुनर्रचना करायची झाल्यास नवा अस्थिबंध बसवण्यासाठी हाडात पाडलेला बोगदा पट्टीला इजा करणार नाही अशी आखणी करावी लागते. अन्यथा पाय आखूड किंवा वाकडा होण्याचा धोका संभवतो.