लिहिणं म्हणजे नेमकं काय? प्रौढांच्या वर्गातल्या व्याकरणामागचा इतिहास

प्रौढ साक्षरतेच्या वर्गात व्याकरण शिकवायचं का, आणि शिकवायचंच तर वाचनातून की वेगळं, हा वाद वाटतो तेवढा जुना नाही. तो उभा राहण्याआधी 'लिहिता येणं' हा साक्षरतेचा भाग मानला जायला हवा होता. ते बऱ्याच उशिरा झालं.

स्वीडनमध्ये 1686च्या चर्च कायद्यानं सगळ्यांना, गडी-मोलकरणींनासुद्धा, वाचता आलंच पाहिजे असं ठरवलं. धर्मगुरू घरोघरच्या माणसांची परीक्षा घेत आणि वहीत शेरा मारत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथले बहुतेक लोक वाचत होते, लिहिणारे मात्र थोडे होते, आणि यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नव्हतं. इंग्लंडातल्या रविवारच्या शाळांत गरिबांना वाचायला शिकवावं याला फारसा विरोध नव्हता. लिहायला शिकवावं का, आणि तेही देवाच्या वारी, यावर मात्र कडाक्याची भांडणं झाली. लेखन हे कारकुनाचं, व्यापाऱ्याचं कसब मानलं जाई. ते वाचनानंतर आणि बऱ्याचदा जादा फी घेऊन शिकवलं जाई.

त्याच इंग्लंडात 1754पासून विवाहाच्या नोंदवहीत वधूवरांना सही किंवा फुली करावी लागे. पुढं इतिहासकारांनी या सह्या मोजून साक्षरतेचे आकडे काढले. वाचन आधी आणि लेखन नंतर शिकवलं जात असल्यानं, सही करणाऱ्याला थोडंफार वाचता येत असणार, हा तर्क त्या काळापुरता ठीक होता. पण त्यातून सही म्हणजे लेखन आणि लेखन म्हणजे साक्षरता असं समीकरण रूढ झालं, आणि 'अंगठ्याऐवजी सही' ही साक्षरतेची खूण होऊन बसली.

विसाव्या शतकातल्या मोहिमांनी वाचनाचा मजकूर बदलला. अमेरिकेत केंटकीमधल्या एका डोंगराळ परगण्यात सप्टेंबर 1911मध्ये मोठ्यांसाठी रात्रीच्या शाळा सुरू झाल्या. अंधारात वाट दिसावी म्हणून चांदण्या रात्री धरल्या होत्या. दीडशे माणसं येतील असा अंदाज होता, आली बाराशेच्या आसपास. मुलांचं अंकलिपीवजा पुस्तक मोठ्या माणसाच्या हातात देणं त्याला लाजवण्यासारखं होतं, म्हणून त्याच परगण्यातल्या बातम्यांचं, लहान लहान वाक्यांचं वर्तमानपत्र छापलं गेलं. लेखनासाठी मात्र जाड टीपकागदावर कोरलेल्या खाचांतून पेन्सिल फिरवायची. म्हणजे वाचायला आपल्या आजूबाजूची माणसं, आणि लिहायला नुसती हाताची कसरत. हा दुभंग पुढं अनेक ठिकाणी दिसतो.

सोव्हिएत फर्मान 26 डिसेंबर 1919चं. 8 ते 50 वयाच्या प्रत्येक निरक्षरानं रशियनमध्ये किंवा आपल्या मातृभाषेत लिहा-वाचायला शिकायचं. त्या काळात मोठ्यांसाठी निघालेल्या पुस्तकातलं गाजलेलं वाक्य होतं, 'आम्ही गुलाम नाही, गुलाम आम्ही नाही'. रशियनमध्ये त्यात मोजकीच अक्षरं आलटून पालटून येतात, आणि शब्दांची जागा बदलली की वाक्याचा तोल कसा बदलतो तेही कळतं. व्याकरणाचा धडा वाचनाच्या ओळीतच दडलेला असण्याचं इतकं नेटकं उदाहरण दुसरं आठवत नाही. राजकीय हेतू अर्थातच उघड होता.

1958मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षणविषयक संघटनेनं व्याख्या केली: आपल्या रोजच्या जगण्याविषयीचं छोटं, साधं विधान जो समजून वाचू शकतो आणि लिहू शकतो, तो साक्षर. वाचन आणि लेखन दोन्ही एकाच वाक्यात आले. पण 'लिहू शकतो' म्हणजे काय, हे तिथं सुटलेलं नाही. मराठीत हा घोळ विशेष जाणवतो. आपण अक्षर काढण्याला लेखन म्हणतो. पुस्तकातल्या दहा ओळी उतरवून काढण्याला शुद्धलेखन म्हणतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांनाही शुद्धलेखनच म्हणतो. आणि मनातला मजकूर कागदावर मांडण्यालाही लेखन. चार वेगळी कामं, शब्द जवळजवळ एकच. 1988मध्ये भारतात सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेच्या निकषांत हे थर ओळीनं दिसतात: मिनिटाला 30 शब्द मोठ्यानं वाचणं, मिनिटाला 7 शब्द पाहून लिहिणं, मिनिटाला 5 शब्द ऐकून लिहिणं, आणि मग छोटी पत्रं, अर्ज स्वतःच्या मनानं लिहिणं, फॉर्म भरणं. पाहून लिहिण्याला आणि ऐकून लिहिण्याला वेग ठरवून दिला आहे. स्वतःच्या मनानं लिहिण्याला वेग नाही, मापही नाही. साहजिकच वर्गात जोर मोजता येणाऱ्या गोष्टींवर राहिला. खानेसुमारीत तर सात वर्षांवरच्या माणसाला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं का, एवढंच विचारतात आणि जे उत्तर येईल ते लिहून घेतात.

मनातलं लिहिणं आणि व्याकरण समोरासमोर आले ते साठीच्या दशकात. क्युबात 1961च्या मोहिमेची शेवटची चाचणी वाचनउतारा, श्रुतलेखन आणि पंतप्रधानांना एक पत्र अशी होती. सात लाखांवर पत्रं जमा झाली, ती जपूनही ठेवली आहेत. प्रचार सोडून दिला तरी एक गोष्ट उरते: लिहिणाऱ्याला आपलं कोण वाचणार हे माहीत होतं. वर्गातल्या वहीत हे क्वचितच असतं.

ब्राझीलमध्ये 1963मध्ये सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना चाळीसेक तासांत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली, काम थांबलं आणि त्यामागच्या शिक्षकाला तुरुंगात जावं लागलं. या पद्धतीत आधी चित्रावर बोलणं होई, मग लोकांच्या तोंडचा एक शब्द घेऊन तो फोडत. 'तिझोलो' म्हणजे वीट. त्याची ती, झो, लो अशी फोड करायची, मग ता-ते-ती-तो-तू, झा-झे-झी, ला-ले-ली अशी बाराखडीसारखी घराणी फळ्यावर मांडायची आणि शिकणाऱ्यांनी त्यातून आपले शब्द जुळवायचे. एका वर्गात एकजण उठला आणि त्यानं फळ्यावर लिहिलं, 'तू झा ले', म्हणजे 'तुला आता वाचता येतं'. अख्खं वाक्य, कुणी न शिकवलेलं. प्रमाण पोर्तुगीजमध्ये मात्र ते 'लेस' हवं. क्रियापदाच्या शेवटचा स बोलण्यात गळतो, म्हणून लिहिण्यातही गळला. हा प्रसंग सांगताना त्या शिक्षकानंच शुद्ध रूपही जोडून दिलं आहे. त्या एका 'स'चं काय करायचं, हाच पुढच्या साठ वर्षांचा वाद.

इंग्रजीभाषक देशांत तो वाद लेखनिकाच्या रूपानं आला. पद्धत अशी: शिकणारा आपली हकीकत सांगतो, शिक्षक ती जशीच्या तशी उतरवतो आणि तोच कागद पुढं वाचनाचा धडा होतो. मजकूर ओळखीचा, शब्द आपलेच, त्यामुळे वाचन पटकन जमतं. अडचण 'जशीच्या तशी' या शब्दांत आहे. मराठीत कल्पना करून पाहा. बाई सांगतात, "आमी तवा लय ल्हान व्हतो." शिक्षक लिहितो, 'आम्ही तेव्हा खूप लहान होतो.' बाई वाचू लागतात. तोंडानं 'लय' म्हणतात तेव्हा बोट 'खूप'वर असतं. शिकायचं होतं ते अक्षर आणि उच्चार यांचं नातं, आणि नेमकं तेच तुटलं. त्यापेक्षा वाईट म्हणजे, आपण बोललो ते लिहिण्याच्या लायकीचं नव्हतं हे बाईंना न सांगता कळलं.

उलट बाजूही लेचीपेची नाही. 'व्हतो' पहिल्यांदा छापील अक्षरांत पाहिलं तर तेच डोळ्यांत बसेल, आणि बँकेच्या अर्जात ते चालणार नाही. शिवाय मोठी माणसं स्वतःच म्हणतात, "आमचं असू द्या, बरोबर काय ते लिहा." ती त्यासाठीच आलेली असतात. त्यांच्या बोलीचा मान राखायचा म्हणून त्यांना हवं ते नाकारायचं, हाही एक प्रकारचा वरून केलेला निर्णयच.

इंग्रजीत यावर एक तडजोड निघाली: शब्द आणि वाक्यरचना बोलणाऱ्याची, स्पेलिंग प्रमाण. तिथं ते निभतं, कारण स्पेलिंग उच्चाराशी फारसं इमान राखत नाही. 'वॉटर' एकाच पद्धतीनं लिहितात. लंडनचा एखादा माणूस त्यातला ट गिळतो, अमेरिकन त्याचा ड करतो, आणि दोघांनाही आपण बरोबर वाचलं असंच वाटतं. देवनागरीत ही सोय नाही. उच्चार बदलला की तो पानावर दिसतो. 'पाणी' लिहिलं आणि बाईंनी 'पानी' वाचलं, तर शिक्षकाला ती चूक वाटते. 'पानी' लिहिलं, तर पर्यवेक्षकाला ती शिक्षकाची चूक वाटते. म्हणून इंग्रजी अनुभवावर आधारलेल्या मार्गदर्शिका भाषांतर करून वापरल्या की नेमक्या याच जागी लंगड्या पडतात. मला विचाराल तर कागदावर दोन ओळी हव्यात, वर बोललेली आणि खाली प्रमाण, आणि दोन्हींतला फरक शिकणाऱ्यानं बोटानं शोधायचा. व्याकरणाचा याहून सरळ धडा नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि मोहिमांना वेळाचं वावडं असतं.

अमेरिकेत 1974मध्ये महाविद्यालयीन लेखनशिक्षकांच्या संघटनेनं विद्यार्थ्यांचा स्वतःच्या बोलीवर हक्क आहे असा ठरावच केला, आणि त्यावरून बराच धुरळा उडाला. 1977मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका प्राध्यापिकेनं प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले सुमारे चार हजार निबंध तपासून वेगळंच काही दाखवलं. खुल्या प्रवेशामुळे आलेल्या या कच्च्या विद्यार्थ्यांच्या चुका बेशिस्त नव्हत्या, त्यांमागे नियम होते. फक्त ते नियम पुस्तकाचे नव्हते. कानावर पडलेली औपचारिक भाषा ही मंडळी कागदावर उतरवू पाहत होती, पण ती डोळ्यांखालून पुरेशी गेलेलीच नव्हती.

व्याकरणाची स्वतंत्र कवायत या काळात बदनाम झाली होती. 1963च्या एका अमेरिकन अहवालानं आधीचं संशोधन चाळून म्हटलं की औपचारिक व्याकरणाच्या पाठांनी लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ खाल्ला जात असल्यानं नुकसानच होतं. हे वाक्य प्रौढशिक्षणातही सर्रास वापरलं गेलं. मूळ अभ्यास शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांवरचे होते, ही गोष्ट मात्र वाटेत गळून पडली.

मुळात 'व्याकरण' या शब्दातही भेसळ आहे. मराठी बोलणारा निरक्षर माणूस 'त्यानं चिठ्ठी लिहिला' असं कधीच म्हणत नाही. कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापद फिरवणं त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षीच जमलेलं असतं. परकी माणसं ज्यावर वर्षं घालवतात, ते त्याला आयतं येतं. त्याला येत नाही ते कानाला न ऐकू येणारं: वाक्य कुठं संपलं, 'घराजवळ' जोडून लिहायचं की तोडून, 'आणि'चा शेवट ऱ्हस्व की दीर्घ. या गोष्टी पानावरच असतात, म्हणून पान पाहूनच समजतात. वाचनातून व्याकरण या मताचा खरा आधार इथं आहे.

सत्तरच्या दशकात पुढं आलेला वाक्यं जोडण्याचा सराव याच्याशी जुळतो. वाचलेल्या उताऱ्यातून तीन वाक्यं घ्यायची: 'पाऊस थांबला. बाई बाहेर आली. तिच्या हातात पत्र होतं.' त्यांचं एक करायचं: 'पाऊस थांबल्यावर बाई हातात पत्र घेऊन बाहेर आली.' 'ल्यावर' आणि 'ऊन' यांची नावं सांगावी लागत नाहीत. बोलताना माणूस दिवसातून शंभरदा हे करतो. फक्त आपण हे करतो आणि कागदावरही ते चालतं, एवढं लक्षात यावं लागतं.

इंग्लंडात 1975च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम निघाली, आणि तेव्हाच शिकणाऱ्यांनी लिहिलेलं, शिकणाऱ्यांनी वाचायचं वर्तमानपत्रही सुरू झालं. ते दहाएक वर्षं चाललं. 2001मध्ये सरकारनं प्रौढांसाठी रीतसर अभ्यासक्रम आणला, आणि मजकूर, वाक्य, शब्द अशा तीन पातळ्या आखल्या. व्याकरण वाक्याच्या रकान्यात सन्मानानं परत आलं. त्यासोबत आलेली राष्ट्रीय चाचणी मात्र पर्याय निवडण्याची होती. चारांतलं शुद्ध वाक्य ओळखायचं, लिहायचं काहीच नाही. एक ओळही न लिहिता माणूस साक्षरतेचं प्रमाणपत्र मिळवू शकत होता, म्हणजे गाडी पुन्हा स्वीडनच्या वळणावर.

भारतात 2022पासूनच्या कार्यक्रमातली चाचणी 150 गुणांची आहे: वाचन 50, लेखन 50, अंकज्ञान 50. लेखनाला तिसरा हिस्सा आहे, निदान कागदावर तरी.

दरम्यान लेखनिक बदलला आहे. फोनशी बोललं की तोच लिहून देतो. त्याला प्रमाण मराठी शिकवलेली असल्यानं 'व्हतो' म्हटलं तरी तो बऱ्याचदा 'होतो' लिहितो, आणि ही दुरुस्ती करताना कुणाला विचारत नाही. दोन ओळींचा पर्याय अजून तरी त्यात दिसत नाही.