जाड पाइप म्हणजे मजबूत स्लायडर नव्हे

भाच्याची पिकअप सह्याद्रीतल्या एका खडकाळ वाटेवरून मुंबईत परतली तेव्हा डावीकडचं मागचं दार लागेना. कुर्ल्याच्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवली. दाराखालचा पत्रा आत दबलेला, आणि चकचकीत फूटस्टेप वर दुमडून त्यालाच टेकलेली. बोल्ट शाबूत होते. पत्र्यातली भोकं मात्र ओढली जाऊन लांबट झाली होती. "मामा, आता याहून जाड पाइप टाकतो," भाचा म्हणाला. हा समज इतका सर्रास आढळतो की लिहायलाच बसलो.

फूटस्टेप माणसाचं वजन पेलते. रॉक स्लायडर म्हणजे दारांखाली गाडीच्या बाजूने आडवा बसवलेला पोलादी पाइप. त्याला दोनेक टनांच्या गाडीचा भार खडकावर घ्यायचा असतो आणि त्याच वेळी घसरत पुढेही जायचं असतं. म्हणून तो पत्र्याला नाही, चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला जोडतात.

आता पाइपकडे या. दांडा वाकतो तेव्हा एका बाजूचं पोलाद ताणलं जातं, समोरच्या बाजूचं दाबलं जातं, आणि मधलं जवळपास रिकामं बसून असतं. मध्यापासून दुप्पट दूर असलेला कण वाकण्याला चौपट विरोध करतो, कारण इथे अंतराचा वर्ग मोजला जातो. 48 मिलिमीटर व्यासाचा, 4 मिलिमीटर जाडीचा पाइप घ्या. तेवढ्याच पोलादाचा भरीव दांडा केला तर त्याचा व्यास भरेल 26.5 मिलिमीटर. वजन दोन्हींचं सारखंच, मीटरला सुमारे 4.3 किलो. तरीही पाइपचा ताठपणा दांड्याच्या साडेपाच पट, आणि कायमचा वाकण्याआधी तो भार पेलतो तिप्पट! आपल्याकडे इमारतींना बांबूच्या परांच्या बांधतात, त्या पोकळ बांबूचं बळही इथलंच. मात्र जाडी फारच कमी केली तर खडकाच्या टोकाने पाइप चेपतो, आणि एकदा गोलाई गेली की हे सगळं गणित कोसळतं.

तरी खरी परीक्षा पाइपची नाही, त्याला चॅसीशी जोडणाऱ्या आडव्या पायांची. पाइप चॅसीपासून 300 मिलिमीटर बाहेर आहे आणि खडक एका पायावर खालून एक टन रेटतो आहे असं धरा. पायाच्या मुळाशी, चॅसीला टेकणारी प्लेट 100 मिलिमीटर उंच असेल, तर तिची वरची कड चॅसीवर दाबली जाते आणि खालच्या कडेला सुमारे तीन टनांची ओढ बसते. प्लेट दुप्पट उंच केली की ओढ निम्मी. त्यामुळे पैसे आधी प्लेटवर आणि वेल्डिंगवर घालावेत, मग पाइपवर.

'मिलिटरी ग्रेड' या स्टिकरने पोलादाची जाडी वाढत नाही, आणि बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीने खडक बाजूला होत नाही. विकणाऱ्याला पाइपची जाडी, प्लेटची उंची आणि पायांची संख्या विचारा. मुंबईच्या खाऱ्या हवेत पाइपची तोंडं बंद केली आहेत ना, तेही पाहा.

भाच्याने शेवटी स्लायडरच बसवले. वेल्डरने जॅक थेट स्लायडरखाली लावून ती बाजू उचलली, चाकं जमिनीपासून सुटली. स्लायडर आणि पत्रा यांच्यात आधी दोन बोटं जात होती. जॅकवर गाडी असताना मी पुन्हा बोटं घालून पाहिली. दोन्ही आरामात गेली.