त्रिस्तां म्यूराय: एका स्वराच्या पोटात शिरलेला संगीतकार

'तेरितोआर द लूब्ली' म्हणजे 'विस्मृतीचे प्रदेश' ही त्रिस्तां म्यूराय यांची १९७७ सालची पियानोरचना. वादकाने उजवं पेडल सुरुवातीला दाबायचं ते शेवटपर्यंत सोडायचं नाही. तारांचा आवाज थांबवणारी गादी खाली येतच नाही, आधीचे स्वर विरत असताना नवे त्यांच्यात मिसळतात. थोड्या वेळाने कान आघात विसरतो आणि मागे रेंगाळणाऱ्या आसेकडे, म्हणजे विरत जाणाऱ्या नादाकडे, लागतो. मला म्यूराय इथेच खरे भेटले.

त्यांचा जन्म १९४७चा, फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातला. वडील कवी, भावंडंही लेखक. ते स्वतः आधी अरबी आणि अर्थशास्त्र शिकले. मग १९६७मध्ये पॅरिसला संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्या वर्गात आले. नव्या संगीतावर तेव्हा बारा स्वरांच्या क्रमवारीच्या गणिताचा मोठा पगडा होता. १९७१मध्ये 'प्री द रोम' हे रोममध्ये राहून काम करू देणारं फ्रेंच पारितोषिक मिळालं आणि रोममध्ये ज्याचिंतो शेल्सी भेटले. एकाच स्वरावर अख्खी रचना उभी करणारा हा अवलिया! परतल्यावर, १९७३मध्ये, म्यूराय यांनी मित्रांसोबत 'लितिनेरेर' हा वादकसंच काढला. संगीतकार जेरार ग्रिझेही त्याच मंडळींतले.

तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे आपल्याकडच्या गाणाऱ्याला सांगावं लागत नाही. या मंडळींनी असेच उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे बारीक स्वर, यंत्राने मोजले आणि वाद्यमेळात वाटून दिले. सातवा, अकरावा उपस्वर पियानोच्या पट्ट्यांत बसत नाही, म्हणून पाव स्वर लिहावे लागले. १९७९मध्ये संगीतकार ह्यूग द्युफूर यांनी या वाटेला 'स्पेक्ट्रल', म्हणजे स्वराच्या वर्णपटावर उभी, असं म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

१९८०च्या 'गोंडवाना'त ऑर्केस्ट्रा आधी प्रचंड घंटेसारखा घुमतो, मग तोच नाद हळूहळू पितळी वाद्यांचा होत जातो. शीर्षक प्राचीन महाखंडाचं; पण त्या खंडाला नाव मिळालं ते गोंडांच्या मुलखावरून, जो आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पसरलेला आहे.

पुढे संगणक आला. 'देझँतेग्रासियाँ'मध्ये सतरा वाद्यं आणि टेपवरचे संगणकनिर्मित आवाज इतके एकजीव झाले आहेत की कोणता आवाज कुठला, हे सांगता येत नाही. १९९१ ते १९९७ त्यांनी पॅरिसच्या 'इर्काम' या संगीत-संशोधन केंद्रात शिकवलं, नंतर २०१०पर्यंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. 'इर्काम'च्याच काळातल्या 'लेस्प्री दे द्यून'मध्ये त्यांनी मंगोलियातल्या खोमी गायनाचे उपस्वर घेतले. एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर काढणारी ती गायकी.