स्वाइप-टू-डिलीट : यादीतल्या ओळीमागची बटणे

मोबाइल ॲपमधल्या यादीतील ओळ बोटाने आडवी सरकवली की तिच्या कडेला उघडणारी बटणे, आणि ती बटणे आपल्या कामाला साजेशी करून घेण्याची पद्धत. आयफोनच्या २००७ सालच्या पहिल्या मेल ॲपमध्ये ओळ सरकवली की लाल ‘डिलीट’ बटण येत असे. २०१३ मध्ये आलेल्या मेलबॉक्स या ॲपने सरकवण्याची दिशा आणि अंतर यांवर वेगवेगळी कामे बसवली, आणि तिथून हा प्रकार सर्वत्र पसरला. आज मेल, गप्पा, खरेदीची यादी, हिशेबाची वही अशा कुठल्याही यादीत वापरणारा हे बटण गृहीत धरतो.

बटणाचा रंग, शब्द आणि चित्र बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. बोट उचलल्यावर त्या नोंदीचे नेमके काय होणार, हे ठरवायला वेळ लागतो आणि तेच आधी ठरवावे लागते. कोकण किनाऱ्यावरची उदाहरणे घेतली तर हे लवकर ध्यानात येते. दापोली तालुक्यातील हर्णै बंदरावर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासळीच्या लिलावाची नोंद फोनवर ठेवायची म्हटली, तर एका ओळीत मासळी, टोपल्या, शेवटची बोली, घेणाऱ्याचे नाव आणि पैसे मिळाले की बाकी, एवढे सगळे असते. हात ओले, वर ऊन, मागे पुढची बोली चाललेली. चुकून सरकलेली एक ओळ म्हणजे कोणाची तरी उधारी वहीतून गेली.

आयओएसवर

जुन्या टेबलव्ह्यूमध्ये (यादी दाखवणाऱ्या घटकात) ‘कमिट एडिटिंगस्टाइल’ ही एकच पद्धत (कोडमधली मेथड) लिहिली की लाल बटण आपोआप मिळते. ‘टायटल फॉर डिलीट कन्फर्मेशन बटण’ या दुसऱ्या पद्धतीने त्यावरचा शब्द तेवढा बदलता येतो. आयओएस ८ मध्ये (२०१४) यूआयटेबलव्ह्यू-रोॲक्शन आले आणि एकाहून अधिक बटणे, वेगळे रंग शक्य झाले. आयओएस १३ पासून ते कालबाह्य ठरवले गेले आहे. नवे काम आयओएस ११ मधल्या (२०१७) यूआयकॉन्टेक्स्च्युअलॲक्शन आणि यूआयस्वाइपॲक्शन्स-कॉन्फिगरेशन या जोडीनेच करावे. ‘ट्रेलिंग’ (उजव्या) कडेच्या डेलिगेट पद्धतीतून बटणांची रांग परत द्यायची, आणि डाव्या कडेला बटणे हवी असतील तर ‘लीडिंग’ पद्धतही लिहायची. रांगेतले पहिले बटण पडद्याच्या अगदी कडेला बसते, आणि ओळ पूर्ण ओढली तर तेच बटण चालते. म्हणून क्रम म्हणजे नुसती सजावट नव्हे.

पूर्ण ओढीवर पहिले बटण चालवणारा ‘परफॉर्म्स-फर्स्टॲक्शन-विथ-फुलस्वाइप’ हा गुण मुळात चालू असतो. हिशेबाच्या यादीत तो बंद करावा. ओळ पूर्ण ओढली गेल्याचे अंतर आयओएस स्वतः ठरवते, ते बदलण्याची सोय नाही. त्यामुळे घाईतल्या ओढीपासून वाचण्याचा तेवढाच सरळ मार्ग उरतो. हा गुण बंद केला की ओळ सरकते, बटण दिसते आणि त्यावर दुसऱ्यांदा टेकवावे लागते.

नेहमी अडणाऱ्या जागा अशा. काम झाल्यावर कम्प्लीशन हँडलरला (काम संपल्याचे कळवण्यासाठी मिळालेल्या फंक्शनला) ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ कळवायलाच हवे, नाहीतर ओळ अर्धवट उघडी राहते. टेबलमधून ओळ काढण्याआधी मूळ ॲरेतून (नोंदींच्या साठ्यातून) नोंद काढली नसेल, तर ‘इनव्हॅलिड नंबर ऑफ रोज’ असे सांगत ॲप तिथेच बंद पडते. डिलीटची पद्धत लिहिलेली असताना एखाद्या ओळीपुरते बटण नको म्हणून ‘निल’ परत दिले, तर मूळचे लाल बटण उलट उघडते. तिथे रिकाम्या रांगेचे कॉन्फिगरेशन द्यावे. डिफेबल डेटासोर्स (यादीतले बदल स्वतः ओळखणारा डेटास्रोत) वापरणाऱ्यांना बटणच दिसत नाही अशी तक्रार फार वेळा ऐकू येते: त्याची ‘कॅन एडिट रो’ पद्धत मुळात नकार देते, म्हणून उपवर्ग करून तिथे होकार द्यावा लागतो.

बटणाची रुंदी आणि अक्षराचा फॉन्ट यांसाठी या जोडीत सोय नाही. त्यासाठी काही जण ओळीच्या आतल्या खासगी व्ह्यूंपर्यंत पोचून बदल करतात. हा मार्ग धरू नये. आयओएस १३ मध्ये त्या व्ह्यूंची रचना बदलली आणि अशी कितीतरी बटणे मूळ रूपावर गेली. फॉन्ट बदलणे अगदीच गरजेचे असेल तर शब्दाचे चित्र काढून ते बटणाच्या ‘इमेज’मध्ये द्यावे. मात्र ते चित्र फोनच्या अक्षर-आकाराबरोबर आपोआप वाढत नाही, आणि व्हॉइसओव्हर या पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीसाठी त्याला वेगळे लेबल द्यावे लागते.

ॲपलच्या नव्या स्विफ्टयूआय या साधनसंचात ‘ऑनडिलीट’ हा सोपा मार्ग आहे, पण त्यातले बटण आपल्या हातात नसते. आयओएस १५ पासून (२०२१) ‘स्वाइपॲक्शन्स’ आले. ते लिहिले की ‘ऑनडिलीट’चे आयते बटण त्या ओळीवर येत नाही, आपले बटण आपणच द्यावे लागते. इथला मोठा सापळा म्हणजे ‘डिस्ट्रक्टिव्ह’ ही भूमिका. ती दिलेल्या बटणावर टेकवताच यादी ओळ काढल्याचे दृश्य सुरू करते. मध्ये ‘नक्की काढायची?’ असा प्रश्न विचारायचा असेल, तर उत्तर येण्याआधीच ओळ निघाल्यासारखी दिसते आणि नंतर उडी मारून परत येते. प्रश्न विचारायचाच असेल तर भूमिका देऊ नये. ‘टिंट’ने लाल रंग द्यावा आणि होकार आल्यावर नोंद काढावी.

अँड्रॉइडवर

इथे आयते बटण नाही. रिसायकलरव्ह्यूला (इथल्या यादीच्या घटकाला) आयटमटचहेल्पर हा सरकवणे हाताळणारा वर्ग जोडला की ओळ सरकते आणि निघून जाते, एवढेच. मागचा लाल पट्टा, कचरापेटीचे चित्र आणि शब्द ‘ऑनचाइल्डड्रॉ’ पद्धतीत कॅनव्हासवर आपणच रंगवायचे. डावीकडे सरकताना ‘डीएक्स’ (ओळ आडवी किती सरकली तो आकडा) ऋण असतो, म्हणून पट्टा ओळीच्या उजव्या कडेत डीएक्स मिळवून तिथपासून उजव्या कडेपर्यंत काढायचा. पट्टा ओळीच्या पूर्ण रुंदीचा काढला आणि ओळीला स्वतःची पार्श्वभूमी नसेल, तर लाल रंग अक्षरांतून दिसतो. हा प्रकार नवख्यांना हमखास भेटतो.

कॅनव्हासवर रंगवलेले बटण म्हणजे चित्रच. त्यावर टेकवून काही होत नाही. खरे बटण हवे असेल तर ओळीचा लेआउट दोन थरांचा करावा: मागे बटणे, पुढे मजकूर. ‘गेटडिफॉल्टयूआययूटिल’ वापरून पुढचा थर तेवढा सरकवायचा, आणि ‘क्लिअरव्ह्यू’ पद्धतीतही तोच थर द्यायचा. दुसरी पायरी विसरली की पुन्हा वापरात आलेली ओळ सरकलेल्याच अवस्थेत उगवते. ओळ अर्ध्यावर उघडी ठेवून थांबवणे मात्र आयटमटचहेल्परच्या मूळ स्वभावात नाही. त्यासाठी सरकण्याला मर्यादा घालणारा वेगळा कोड लिहावा लागतो.

ओल्या हातांचा प्रश्न इथे चांगला सोडवता येतो. टचस्क्रीन बोटाची विद्युतधारिता ओळखते. खारे पाणी वीज चांगली वाहते, त्यामुळे थेंबाच्या जागी स्पर्श झाल्याचा भास होतो किंवा बोट एकदम पुढे उडी मारल्यासारखे दिसते. ती उडी म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी जोराचा झटका. ओळ निघण्यासाठी तिच्या रुंदीच्या निम्मे अंतर (०.५) मुळात पुरते, आणि झटका जोराचा असेल तर तेवढेही लागत नाही. ‘गेटस्वाइपथ्रेशोल्ड’मधून ०.७ द्यावे आणि ‘गेटस्वाइपएस्केपव्हेलॉसिटी’मध्ये मूळ आकडा चार-पाच पटींनी वाढवावा. मग ओळ मुद्दाम ओढल्याशिवाय जात नाही.

‘ऑनस्वाइप्ड’मध्ये नोंद न काढता नुसता प्रश्न विचारला आणि उत्तर ‘नाही’ आले, तर ‘नोटिफायआयटमचेंज्ड’ बोलवावे लागते. नाहीतर ओळीच्या जागी रिकामा पट्टा राहतो. ओळीचा क्रमांक ‘बाइंडिंगॲडॅप्टरपोझिशन’मधून घ्यावा आणि तो -१ (म्हणजे ओळीला आता क्रमांकच नाही) नाही ना हे तपासावे. अँड्रॉइड १० पासून, फोनवर जेश्चर नेव्हिगेशन चालू असेल तर, पडद्याच्या दोन्ही कडांवरून आत ओढणे म्हणजे ‘मागे जा’. ओळ अगदी कडेपासून सुरू होत असेल तर सरकवणारा माणूस यादीतूनच बाहेर पडतो. कडेला थोडी मोकळी जागा ठेवणे हा सरळ उपाय.

अँड्रॉइडच्या नव्या कंपोज या साधनसंचात स्वाइपटूडिसमिसबॉक्स आहे. लेझीकॉलममध्ये (तिथल्या यादीत) प्रत्येक ओळीला स्थिर ‘की’ (ओळखखूण) दिली नाही, तर एक ओळ गेल्यावर तिच्या जागी आलेली ओळ सरकलेली दिसते. दोन्हीकडे चालणाऱ्या फ्लटर या साधनसंचातल्या डिसमिसिबलला ‘की’ सक्तीची आहे. तिथे ‘ऑनडिसमिस्ड’मध्ये नोंद लगेच यादीतून काढावी लागते, नाहीतर काढलेले विजेट अजून झाडातच आहे, अशी चूक लाल पडद्यावर येते. प्रश्न विचारण्यासाठी ‘कन्फर्मडिसमिस’ आहे. मूळ अंतर रुंदीच्या ०.४.

नोंद खोडणे की पुसणे

सरकवल्यावर डेटाबेसमधून ओळ थेट पुसू नये. टेबलात ‘काढल्याची वेळ’ असा एक रकाना ठेवावा, सरकवल्यावर त्यात वेळ भरावी, आणि यादीची क्वेरी हा रकाना रिकामा असलेल्याच ओळी दाखवील असे करावे. किनाऱ्यावर याची गरज अधिक आहे. खाडीच्या कडेने किंवा घाटात रेंज जाते, बोट समुद्रात गेली की तर प्रश्नच मिटला. दलालाच्या फोनवर ओळ पुसली आणि होडीच्या मालकाचा फोन तेव्हा बिनरेंजचा होता, असे समजा. रेंज आल्यावर मालकाच्या फोनला ती ओळ आपल्याकडे आहे आणि सर्व्हरवर नाही एवढेच दिसते. तो ती नवी समजून वर चढवतो आणि पुसलेली उधारी परत उगवते. ‘काढली’ अशी खूण असलेली ओळ दोन्हीकडे पोचली की हा घोळ होत नाही. सगळ्या फोनांवर खूण पोचल्यानंतरच जुन्या ओळी कायमच्या साफ कराव्यात.

या खुणेमुळे ‘परत आणा’ही सोपे होते, रकाना पुन्हा रिकामा केला की झाले. अँड्रॉइडवर त्यासाठी स्नॅकबार (पडद्याच्या तळाशी थोडा वेळ येणारी पट्टी) दाखवतात. त्याचा ‘लॉन्ग’ कालावधी पावणेतीन सेकंदांचा असतो, आणि टोपली बाजूला ठेवून फोनकडे बघेपर्यंत तो संपतो. ‘सेटड्युरेशन’ने आठ-दहा सेकंद द्यावेत. परत आणताना ओळ जुन्या क्रमांकावर घालू नये. मधल्या वेळात वर दोन नव्या बोल्या आलेल्या असू शकतात. नोंदीच्या आयडीवरून आणि वेळेवरून तिची जागा नव्याने शोधावी. ‘परत आणा’ची सोय असेल तिथे ‘नक्की?’ हा प्रश्न विचारू नये. रोज तोच प्रश्न आला की माणूस न वाचता ‘हो’ दाबतो.

काही ओळींना हे बटण असूच नये. देवगडच्या बागायतदाराच्या यादीत हापूसची पेटी गाडीत चढली असेल, तर ती ओळ काढण्याची नव्हे, फार तर ‘परत आली’ म्हणून दुरुस्त करण्याची आहे. आयओएसवर अशा ओळीसाठी ‘कॅन एडिट रो’मधून नकार द्यावा, अँड्रॉइडवर ‘गेटस्वाइपडिर्स’मधून शून्य. सरकवल्यावर काहीच हलले नाही तर फोन अडकल्यासारखा वाटतो, म्हणून त्या ओळीवर छोटे कुलूप दाखवणे बरे.

शब्द, रंग, आकार

बटणावर ‘रद्द करा’ लिहिले आणि पुढच्या प्रश्नात माघारीचे बटणही ‘रद्द करा’ असेच ठेवले, तर कोणते दाबायचे ते कळत नाही. यादीत ‘काढा’ किंवा ‘हटवा’, माघारीसाठी ‘राहू दे’ असे वेगळे शब्द ठेवावेत. उंची ठोकून दिलेल्या बटणात रफार आणि वेलांटी वरून, उकार खालून कापला जातो. अँड्रॉइडवर ‘इन्क्लूडफॉन्टपॅडिंग’ बंद करू नये, आणि मजकुराची चाचणी ‘पूर्ण’, ‘वर्ग करा’ अशा वर किंवा खाली चिन्हे असलेल्या शब्दांवर करावी.

आयओएसचा नेहमीचा लाल आणि त्यावरचे पांढरे अक्षर यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) सुमारे ३.५ : १ पडतो. बारीक अक्षरासाठी ४.५ : १ हवा, आणि जेटीवरच्या दुपारच्या उन्हात तर त्याहून अधिक. १८३, २८, २८ (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) हा गडद लाल घेतला की तो ६.५ : १ च्या आसपास जातो. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांसाठी ‘काढा’ आणि ‘पैसे मिळाले’ ही बटणे एकाच कडेला ठेवू नयेत. एक उजवीकडे, दुसरे डावीकडे. टेकवण्याची जागा आयओएसवर किमान ४४ पॉइंट, अँड्रॉइडवर ४८ डीपी.

सरकवणे जमत नाही अशांसाठी तेच काम दुसऱ्या वाटेने करता आले पाहिजे, डब्ल्यूसीएजी २.२ (२०२३) या सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांमध्ये ओढण्याच्या हालचालीला पर्याय ठेवण्याचा निकष आहे. आयओएसची आयती स्वाइप बटणे व्हॉइसओव्हरला आपोआप कळतात. अँड्रॉइडवर रंगवलेले बटण टॉकबॅकला (तिथल्या पडदा-वाचकाला) दिसतच नाही, तिथे ‘ॲडॲक्सेसिबिलिटीॲक्शन’ने ‘काढा’ ही क्रिया ओळीला वेगळी जोडावी. ओळ दाबून धरल्यावर येणारा मेनू किंवा वरच्या पट्टीतले ‘संपादन’ बटण एवढेही पुरते, आणि हातमोजे घालून बर्फ फोडणाऱ्या माणसालाही तेच उपयोगी पडते.